फुटका आरसा आणि फ्लॅटची किल्ली

मंडळी, आज मी ‘द अपार्टमेंट’बद्दल बोलणार आहे. बिली वाइल्डरचा, १९६० चा, ब्लॅक अँड व्हाइट, बेस्ट पिक्चर धरून पाच ऑस्कर मिळालेला. रोमँटिक कॉमेडी म्हणतात ना, म्हणून मी रात्री जेवणं आटोपल्यावर लावला, म्हटलं जरा हलकंफुलकं बघू, आणि संपेपर्यंत घसा दाटून आला होता.

गोष्ट न्यूयॉर्कची. बॅक्स्टर, म्हणजे जॅक लेमन, इन्शुरन्स कंपनीत कारकून, ३१,२५९ कर्मचाऱ्यांतला एक. ऑफिसातले साहेब लोक बायकोला थापा मारून मैत्रिणींना याच्या फ्लॅटवर आणतात, हा मुकाट किल्ली देतो आणि बाहेर थंडीत पार्कातल्या बाकड्यावर रात्र काढतो. बदल्यात प्रमोशन! त्याला आवडते लिफ्ट चालवणारी फ्रॅन, शर्ली मॅक्लेन, आणि तिचं शेल्ड्रेकशी, म्हणजे याच्याच मोठ्या साहेबाशी चालू आहे हे त्याला माहीतच नाही.

ते कळतं कसं बघा. फ्लॅटवर एक छोटा मेकअपचा आरसा सापडलेला असतो, काच तडकलेली, तो त्याने शेल्ड्रेकला परत दिलेला. मग ऑफिसची ख्रिसमस पार्टी, याने नवी हॅट घेतलीय, कशी दिसते बघायला फ्रॅन आपला आरसा पुढे करते, आणि त्याला तडकलेल्या काचेत स्वतःचा दुभंगलेला चेहरा दिसतो. तो म्हणतो आरसा फुटलाय, ती म्हणते माहितीय, मला असाच आवडतो, मला आतून जसं वाटतं तशीच मी त्यात दिसते. बास. ना रडारड ना भांडण. मी तो सीन तीनदा मागे घेऊन बघितला.

आता खटकलेलंही सांगते. बॅक्स्टर तिचं कंपनीतलं इन्शुरन्सचं कार्ड काढून बघतो, उंची, वजन, लहानपणी काय काय आजार झाले, सगळं, आणि वर तिला कौतुकाने ऐकवतो. आज एखाद्या कलीगने असं केलं तर आपण सरळ तक्रार करू, आणि करावीच. पिक्चर मात्र ते गोडच मानतो, तिथे माझं त्याच्याशी पटत नाही.

पण किल्लीच्या बाबतीत तो बॅक्स्टरला सोडत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शेल्ड्रेक फ्रॅनला ख्रिसमसचं गिफ्ट म्हणून शंभर डॉलरची नोट देतो, ती त्याच फ्लॅटवर झोपेच्या गोळ्या घेते, आणि तिला वाचवायला धावतो शेजारचा डॉक्टर. बॅक्स्टरने स्वतः काही वाईट केलेलं नसतं हो, फक्त किल्ली दिलेली असते! डॉक्टर त्याला कळकळीने सांगतो, अरे माणूस हो.

शेवटी शेल्ड्रेक पुन्हा किल्ली मागतो तेव्हा बॅक्स्टर त्याच्या हातात साहेबांच्या वॉशरूमची किल्ली ठेवतो, नोकरी सोडतो. फ्रॅन धावत येते, तो प्रेमाचं बोलत सुटतो, आणि ती पत्त्यांचा कॅट त्याच्या हातात देऊन म्हणते, गप्प बस आणि वाट.