मणी कच्चा का राहतो?

पॉलिमर क्लेच्या मण्यांबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: भाजले, छान दिसले आणि ओवायला घेतले तर भोकापाशी चिरले. मग दोष क्लेला, नाहीतर दोऱ्याला. बहुतेक वेळा मणी नुसता कच्चा राहिलेला असतो.

या क्लेमध्ये माती नाही, पाणीही नाही. पीव्हीसीचे बारीक कण, त्यांना मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर आणि रंग. म्हणून टेराकोटासारखा तो आधी वाळवायचा नसतो. गरम झाला की कण प्लॅस्टिसायझर शोषून फुगतात आणि एकजीव होतात, साबुदाणा शिजला की दाणे चिकटतात तसे. ही ऊब मण्याच्या पोटापर्यंत पोचली नाही, तर वरून टणक आणि आतून ठिसूळ.

हा प्रकार आला बाहुल्यांच्या जगातून. जर्मनीतल्या प्रसिद्ध बाहुलीकार केथे क्रूझे यांची मुलगी सोफी, घरात तिला फीफी म्हणत. तिने पुढे आणलेला लगदा १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने घेतला आणि फिमो या नावाचा क्ले बाजारात आला. अमेरिकेतला स्कल्पी नावाचा क्ले तर मुळात विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता बाहेर काढायला केलेला पदार्थ! तिथे तो चालला नाही, आपल्या गळ्यात मात्र आला.

आता हातातलं काम. क्ले भरपूर मळा, नाहीतर कडांना भेगा पडतात. पांढरा रंग सगळ्यात आधी घ्या, कारण लाल मळलेल्या हाताचा डाग त्यावरून जात नाही. सारख्या जाडीची वळी करून सारखे तुकडे कापा, म्हणजे मणी एका मापाचे होतील. भोक लगेच पाडू नका. मणी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, सुई गोल फिरवत आत घाला, दुसऱ्या बाजूला टोक दिसलं की काढून घ्या आणि तिकडून परत घाला. एकाच बाजूने आरपार ढकललीत की पलीकडे ओठ बाहेर येतो. नागपूरकरांना मे महिन्यात फ्रिजशिवाय गत्यंतरच नाही, तिथे क्ले डब्यातच लोळागोळा होतो.

भाजताना मणी थेट टाइलवर ठेवले तर खालून चपटे, चकचकीत ठिपके पडतात. घड्या घातलेल्या कागदाच्या खोबणींत ठेवा किंवा तारेत ओवून ती अधांतरी टेकवा. टाइल मात्र ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) हवीच, ती तापमान स्थिर ठेवते. ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका. रॉड चालू-बंद होत राहतो आणि आतलं तापमान बटणावरच्या आकड्याच्या बरंच वर-खाली जातं. ओव्हनचा वेगळा थर्मामीटर मिळतो, माझ्या मते क्लेच्या दुसऱ्या पाकिटाआधी तो घ्यावा. मण्यांवर फॉइलचा सैल तंबू करा, म्हणजे वरच्या रॉडची थेट आच लागत नाही.

वेष्टनावरचा आकडा पाळा. फिमो सॉफ्टला ११० अंश सेल्सियस आणि ३० मिनिटं. स्कल्पीच्या प्रीमोला १३० अंश, दर ६ मिलिमीटर जाडीला ३० मिनिटं. वेळ ओव्हन तापल्यावर मोजायची. करपेल या भीतीने लोक लवकर बाहेर काढतात, आणि तिथेच घोटाळा होतो. तापमान बरोबर असेल तर वेळ थोडा जास्त झाल्याने मणी बिघडत नाही, फार तर पांढरा आणि पारदर्शक रंग जरासा पिवळसर होतो. तापमान चढलं तर मात्र गंमत नाही. पीव्हीसी जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, डोळे-घसा चुरचुरतो. उग्र वास आला की ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर जा. मायक्रोवेव्हचं नावच नको. क्लेचं लाटणं आणि ट्रे परत स्वयंपाकात आणू नका.

प्रत्येक घाण्याबरोबर त्याच क्लेची एक पातळ पट्टी भाजा. गार झाल्यावर वाकवा. वाकली तर उत्तम, कट्कन तुटली तर मणी परत ओव्हनमध्ये, तेवढाच वेळ. पुन्हा भाजलेलं याला चालतं. चमक हवी असेल तर पाण्यात बुडवून ४०० पासून १००० नंबरपर्यंतच्या पॉलिश पेपरने घासा, मग जुन्या जीन्सवर चोळा. नेलपॉलिश लावू नका, काही दिवसांनी मणी चिकट होतात.