जुलैत गायब होणारी पॉपी

लालभडक फुलांची ही ओरिएंटल पॉपी. आपल्या खसखशीच्याच खानदानातली, पण खसखस एका सीझनात बोंडं धरून संपते आणि ही एकदा रुजली की वर्षानुवर्षं त्याच जागी उगवत राहते. इंग्लंडमधे मे संपता संपता बहर सुरू. कळी बघा, अंगभर राठ केस, कवच तडकलं की आतून पाकळ्या येतात त्या बॅगेत कोंबलेल्या ओढणीसारख्या चुरगळलेल्या, मग हळूहळू ताणून सपाट होतात. बुडाशी काळे डाग, मधे काळसर जांभळ्या पुंकेसरांचा झुबका.

आणि जुलै-ऑगस्टमधे सगळं गायब! पानं पिवळी पडून वाळतात, वाफ्यात नुसती रिकामी जागा दिसते. नवा माणूस घाबरतो, पाईप घेऊन धावतो, आणि तेच नडतं, कारण झाड मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. हिचं मूळ गाव कॉकेशस, ईशान्य तुर्कस्तान, उत्तर इराणचे डोंगर, तिकडचा उन्हाळा कोरडा, म्हणून हिला तेव्हा जमिनीखाली दडी मारायची सवय. पावसाळी पाणी साचलं की मूळ कुजतं, शिवाय हिवाळ्यात चांगली कडक थंडी लागते, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या गॅलरीत हिचा नाद सोडलेलाच बरा. इंग्लंडमधे ऑटममधे नवी पानं फुटतात. मधल्या काळातली ती रिकामी जागा झाकायला गर्ट्रूड जेकिल ही नामांकित बाग-डिझायनर शेजारी जिप्सोफिला (बारीक पांढऱ्या फुलांचं झाड) लावायची, तो वर पसरायचा, आणि तोही सुकला की त्यावर नॅस्टर्शियमचे वेल सोडायची. डोकं लागतं याला.

बी पेरून रंगाची गॅरंटी नाही. एमस पेरी नावाच्या नर्सरीवाल्याकडे तर एका गिऱ्हाइकाने तक्रार केली की तुमच्या रोपांत एक पांढरी निघाली, माझ्या गुलाबी वाफ्याची वाट लागली! पेरीने ती झटकन बदलून दिली, आणि 'पेरीज व्हाइट' म्हणून ती फेमस झाली.

हवा तोच रंग पाहिजे तर मुळाचेच तुकडे लावायचे. थंडीत पेन्सिलीएवढं जाड मूळ काढून दोन-तीन इंचाचे तुकडे करायचे, वरचं टोक सरळ कापायचं आणि खालचं तिरकं, नाहीतर कुंडीत उलटंसुलटं होतं. रेतीमिश्रित मातीत उभे खोचायचे, पाणी बेताचंच. जागा मात्र आधीच ठरवा, कारण नंतर झाड उपटून हलवलंत तरी मातीत राहिलेल्या मुळांतून जुन्या जागी परत फुटणारच.