अंबाडा, आकडे आणि मोज्याची सुई

[दृश्य: वाई. कृष्णेचा घाट, सकाळ. मग गच्चीची दगडी फरशी, तिच्यावर टपटपणारं पाणी.]

हे पाणी आत्याच्या केसांतलं. आत्याचं वय ७१, केस गुडघ्याच्या चार बोटं वर. न्हाऊन आली की तासभर ती कुणाशी बोलत नाही. पाठ उन्हाकडे, केस खुर्चीच्या मागे सोडलेले, मांडीवर निवडायची मेथी.

असंच पाणी गाथासप्तशतीतही टपकतं. महाराष्ट्री प्राकृतातल्या, हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या त्या संग्रहात एक सावळी मुलगी नुकती न्हाऊन निघालीय आणि तिचे केस थेंब थेंब गळतायत. कवी म्हणतो, केस रडतायत. आता आपल्याला पुन्हा बांधणार, म्हणून घाबरून.

[दृश्य: नात आरशासमोर. दातांत पिना.]

ही आत्याची नात. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. केस आजीवर गेलेत: कमरेखाली आणि एका मुठीत न मावणारे. ड्यूटीवर केस वरच हवेत, एक बट खाली नको. ते रास्तच आहे. त्यामुळे सकाळी सहाला हा कार्यक्रम चालतो. केस अजून ओले. सगळे ओढून टाळूपाशी आणायचे, रबराचे तीन वेढे, त्यावर जाळी, जाळीवर दहा-बारा काळ्या पिना. भुवया बघा, कुठे जाऊन बसल्यात. साडेनऊला कपाळाच्या कडेने ठणका सुरू होतो आणि दुपारपर्यंत मानेत उतरतो.

[दृश्य: रबराची गाठ, अगदी जवळून.]

केसाला स्वतःला काही कळत नाही, नाहीतर कात्री लागली की आपण ओरडलो असतो. कळतं ते मुळाला, कारण मुळाभोवती मज्जातंतूंचं जाळं असतं. डोक्यावर साधारण एक लाख केस. रबर या सगळ्यांना एका रुपयाएवढ्या जागेत गोळा करतं. कपाळावरच्या केसांना सगळ्यांत लांबून, वाढायची दिशा सोडून यावं लागतं, म्हणून तक्रार तिथून सुरू होते. लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ जे. एन. ब्लाउ यांनी ९३ स्त्रियांना याबद्दल विचारलं होतं. ५० जणी म्हणाल्या, हो, पोनीटेल बांधली की डोकं दुखतं. हे २००४ साली छापून आलं. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८च्या आवृत्तीत तर या दुखण्याला स्वतंत्र जागा आहे: बाहेरून ओढ बसल्याने होणारी डोकेदुखी. खूण अशी की ओढ सुटली की तासाभरात ती थांबते. केस सोडूनही थांबली नाही, तर डॉक्टरांना दाखवा, अंबाड्याला बोल लावू नका. आणि वर्षानुवर्षं अशी ओढ बसली तर कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात, पुढे पुढे परत येईनासे होतात.

घरात यावर एकच उपाय सगळ्यांच्या तोंडी: कापून टाक. मोठ्या नातीने टाकले. ती चित्रीकरणाला आली नाही.

[दृश्य: पुन्हा गच्ची. केस वाळलेत. आत्याचे हात.]

आत्याचा पहिला हट्ट: ओले केस बांधायचे नाहीत. पाणी प्यालेला केस जड होतो आणि ओढला की ताणला जातो. आत ओल राहून वास येतो तो वेगळाच. सकाळी वेळ नसेल तर आदल्या दिवशी दुपारी न्हा, म्हणते. हे सांगताना तिचा आवाज चढलाय. आम्ही तो तसाच ठेवलाय.

आता फक्त हात बघा. कंगवा बाजूला ठेवलाय. बोटांनीच केस मागे घेतले, मानेपाशी डाव्या मुठीत धरले. मूठ मानेला चिकटलेली नाही. मधे दोन बोटं सहज जातील एवढी फट आहे. आत्याला विचारलं तर ती म्हणते, फट राहिली की निम्मं काम झालं.

मग पीळ. मुळाशी जवळजवळ नाहीच. मुठीच्या पुढे वाढत जातो आणि शेंड्याला सुंभासारखा होतो. पिळलेले केस आपणहून वळायला बघतात, आत्या त्यांना नुसती वाट दाखवते. वेढे एकावर एक चढत नाहीत, एकाशेजारी एक बसतात. चकली पाडतात तसे. तळहाताएवढी पसरट चकली झाली की शेंडा शेवटच्या वेढ्याखाली सारायचा. रबराने जो भार एका ठिपक्यावर आणला होता, तो आता या अख्ख्या तळहातावर पसरला.

[दृश्य: मागून. आत्याचं बोट डोक्यामागचं हाड दाखवतं.]

डोक्यामागे बोट फिरवलंत तर हाडाचा एक उंचवटा लागतो. चकली बसते ती त्याच्या जरा वर. टाळूवर बांधला तर अंबाडा चालताना डुलतो आणि डुलेल तसा ओढतो. मानेवर बांधला तर लोंबतो, खुर्चीच्या पाठीला आपटतो. इथे त्याला हाडाचा टेकू मिळतो.

[दृश्य: सुई. संथ गतीने.]

आणि ही सुई. मोजे विणायची, दोन्हीकडे टोक असलेली, ॲल्युमिनियमची. आत्या उजव्या कडेने सुई घालते, चकलीच्या कडेचे थोडे केस उचलते. टोक खाली डोक्यापर्यंत नेते, तिथले थोडे घेते. आता बघा, सुई उलटी फिरली. टोकाची दिशाच बदलली आणि ते चकलीच्या पोटातून थेट डाव्या कडेला बाहेर आलं. कडेचे केस आणि डोक्यालगतचे केस सुईवर एकमेकांना धरून राहतात. रबर नाही, गाठ नाही. आत्या मान हलवून दाखवते, मग उठून दोन पायऱ्या उतरूनही दाखवते. ते आम्ही मागितलं नव्हतं.

आकड्यांचं, म्हणजे अंबाड्यात खोवायच्या दोन पायांच्या पिनांचं, तंत्रही असंच. आकडा आधी चकलीच्या कडेतून बाहेरच्या दिशेला घालायचा, डोक्यालगतचे केस घेतले की उलटवून मध्याकडे सारायचा. चार दिशांना चार आकडे लागतात.

शेवटी भुवया वरखाली करायच्या. कपाळाची कातडी मोकळी हलली तर झालं. नाही हलली तर बोटांची टोकं कपाळाच्या कडेने केसांत घालून केस थोडे पुढे सरकवायचे. तेवढ्यानेही नाही हलली तर अंबाडा सोडून पुन्हा बांधायचा. या चित्रीकरणासाठी आत्याने चार वेळा सोडला. प्रकाश आमचा चुकत होता, तिचा अंबाडा नाही.

[दृश्य: पुणे, तुळशीबाग. टांगलेले क्लचर, जाळ्या, पिनांची पुठ्ठ्याची पानं.]

आकड्यांसाठी तुळशीबाग. दुकानदार म्हणाले, आता आकडे मागतात त्या नाचवाल्या आणि नवऱ्या मुली. कॅमेरा बघून भाव जरा चढला, पण मालही त्यांनी चांगला काढला. आकडा घ्यायचा तो हाताच्या पाठीवर ओढून बघून. टोक ओरखडलं तर नको. प्लास्टिकच्या काट्याला साच्याची शिवण राहिलेली असते, तिच्यात केस अडकून तुटतात, म्हणून लाकडी बरा. क्लचरही भार पसरवतो, पण मागे टेकलं की त्याचे दात टोचतात. दिवसभर बसून काम करणारीने तो घेऊ नये, हे माझं मत.

[दृश्य: नात आणि आजी, पलंगावर.]

नातीच्या केसांची एक चकली होईना. दोनदा सुटली. मग आजीनेच तोड काढली: केसांचे दोन भाग. आतल्या अर्ध्याची छोटी चकली, तिला दोन आकडे. बाहेरच्या अर्ध्याचा पीळ तिच्याभोवती गुंडाळायचा, त्याला तीन. ओझं दोन ठिकाणी वाटलं गेलं. वरून जाळी, कारण ती ड्यूटीवर लागतेच. ‘अगं आजी, सैल आहे हे, पडेल.’ ‘पडू दे. पडलं तर उचल.’

तिसऱ्या दिवशी नाही पडलं.

[दृश्य: संध्याकाळ. स्टीलच्या वाटीत पाच आकडे. नात दोन्ही हातांनी कपाळ चाचपते.]

आजचा दिवस ठणक्याशिवाय गेला, एवढं ती सांगते. 

आता राहिली सुई. ड्यूटीवर टोकदार काही नको, पण घरी नातीलाही सुईच हवीय. आत्या उठते, कपाटातून बिस्किटांचा जुना डबा काढते.

[दृश्य: डबा. तान्ह्या बाळाचा पांढरा मोजा, अर्धा.]

मोजा चार सुयांवर विणतात. तिघींवर टाके असतात, चौथी विणते. ही चौथी वीस वर्षांपूर्वी, नातीच्या बारशाच्या घाईत, आत्याने क्षणभरासाठी अंबाड्यात खोवली होती. मोजा टाचेपाशी थांबला, तो तिथेच आहे.

आत्या तिसरी सुई ओढून काढते. टाके सुटतात. ती तिकडे बघत नाही. नातीला म्हणते, पाठ कर.