कुलूप कोणी उघडायचं?

(दृश्य: परळमधल्या जुन्या बिल्डिंगचा जिना. दाराबाहेर चपलांचा ढीग. आतून हसण्याचा आवाज.)

रविवार दुपार. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, त्यामुळे ठाण्याहून येणारी विझार्ड, म्हणजे खेळातली जादूगार, तासभर लेट आहे आणि तोपर्यंत बाकीचे चौघं चटईवर बसून चहाचा दुसरा राउंड मारतायत, मधे नकाशा, चौकटीच्या वहीतून फाडलेल्या कागदांचा. खेळ आहे डंजन्स अँड ड्रॅगन्स. माहीत नसेल त्यांच्यासाठी पटकन सांगतो, एक जण गोष्ट सांगतो त्याला डीएम म्हणायचं, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि एखादी गोष्ट जमेल की नाही सांगता येत नाही तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. बास.

आपण इथे आलोय एका रुसव्यासाठी. मागच्या पावसाळ्यात या ग्रुपमधला चोर, म्हणजे खेळातला हां, एरवी तो बँकेत आहे, सलग तीन रविवार आलाच नाही.

कारण एक दार.

त्याचं पात्र तिसऱ्या लेव्हलचं. हात चपळ म्हणून ३, कुलपं उघडण्यात खास तरबेज म्हणून ४, म्हणजे फाशावर जे येईल त्यात ७ मिळवायचे. कुलपाचा आकडा १५. म्हणजे ८ किंवा वर पडलं की उघडलं, ६५ टक्के चान्स. चांगला आहे की. बिचाऱ्याने फासा हातात घेतला, हलवला, फुंकर मारली, आणि समोरून विझार्ड म्हणाली, ‘अरे थांब ना, मी नॉक मारते.’ नॉक म्हणजे कुलूप उघडायचा मंत्र. फासा नाही, आकडा नाही, दार उघडलं. पुढच्या दाराला परत तेच. मग हा म्हणाला, ‘मग मी इथे काय चहा करायला येतो का?’

गंमत अशी की हे भांडण खेळाइतकंच जुनं आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली पहिल्या पुस्तिका काढल्या तेव्हा लढवय्या होता, जादूगार होता, धर्मगुरू होता, आणि नॉक मंत्रही होता. चोर नव्हता! तो आला १९७५ मध्ये, ग्रेहॉक नावाच्या पुरवणीत, कुलूप उघडायची टक्केवारी घेऊन, आणि सुरुवातीला ती टक्केवारी अगदीच किरकोळ. म्हणजे माणूस नोकरीला लागायच्या आधीच त्याचं काम करणारं मशीन ऑफिसात बसवलेलं.

मग पुढच्या लोकांनी दुरुस्त्या केल्या. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत नॉक हा एक विधी झाला, वेळ जाणार, पैसे जाणार आणि वर फासाही टाकायचाच. जादूवाले वैतागले असणार. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत, जी ही मंडळी खेळतात, मंत्र परत हमखास चालायला लागला पण त्याला आवाज दिला, ठक्क, ३०० फुटांपर्यंत ऐकू जाणारा. ३०० फूट म्हणजे लोकलचे चार डबे. चौथ्या डब्यातला पहारेकरी उठणार. मला स्वतःला पाथफाइंडर नावाच्या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतलं जास्त आवडतं, तिथे नॉक मारला की कुलूप उघडणाऱ्याला अधिक ४ मिळतात, म्हणजे विझार्डने चोराला हात द्यायचा, त्याला बाजूला सारायचं नाही.

पण मंत्राचे शब्द बदलून रुसवा जातो असं नाही. आमच्या डीएमने आधी सोपा उपाय केला, कुठल्याच दारावर जादू चालत नाही म्हणून सांगितलं. झालं, आता विझार्ड रुसली. आणि तिचं बरोबरच होतं, मंत्र तिने निवडला, स्लॉट तिने खर्च केला, आणि तुम्ही म्हणणार चालत नाही?

स्लॉट म्हणजे एकदा मंत्र मारायची मुभा, आणि त्याचं गणित असं. तिसऱ्या लेव्हलच्या विझार्डकडे या ताकदीच्या मंत्रांचे दिवसाला दोनच स्लॉट. दोन दारं उघडली की संपलं, छोट्या विश्रांतीत फार तर एक स्लॉट परत, मग आठ तासांची लांब विश्रांती, तीही २४ तासांत एकदाच. आता बघा, मंत्र म्हणजे टॅक्सी आणि कौशल्य म्हणजे लोकलचा पास. टॅक्सी थेट दारात सोडते पण खिसा रिकामा होतो, पास धक्के खायला लावतो पण महिनाभर चालतो. आणि आमच्या टेबलावर काय चाललं होतं, तर एक दार उघडायचं, दुसरं उघडायचं, झोपायचं, उठलं की खिसा परत भरलेला. रोज सकाळी कोणी टॅक्सीचे पैसे हातात ठेवत असेल तर पास काढणारा वेडाच ना.

म्हणजे गडबड मंत्रात नव्हती, झोपेत होती.

(दृश्य: दाराच्या लॅचचा क्लोजअप.)

दुसरी गडबड कळली ती एका फालतू अपघातामुळे. एका रविवारी सगळे सिगरेट आणि चहासाठी खाली उतरले आणि वाऱ्याने दार आपटलं, लॅच लागलं, चावी आत. पाच जण जिन्यात. शेवटी नाक्यावरचा चावीवाला आणला, त्याने खिशातून दोन तारा काढल्या, शेजारच्या काकूंशी पावसाबद्दल बोलत बोलत दार उघडलं. एकदाही फसला नाही. फसला असता तरी काय, परत घातली असती तार. कसली घाई होती?

डीएम तिथेच म्हणाला, ‘आपण याला फासा टाकायला लावला असता.’

खरं आहे. तरबेज माणसाला साध्या कुलपालाही नशीब आजमावायला लावायचं आणि मंत्राला कठीण कुलपालाही काही विचारायचं नाही, अन्याय हा आहे. तेव्हापासून इथला नियम, वेळ असेल आणि फसल्याने काही बिघडत नसेल तर चोराने उघडलं म्हणजे उघडलं. फासा फक्त पावलं वाजायला लागल्यावर.

मग बाकीचे मंत्रही नीट वाचले गेले, जे आधी कोणी शेवटपर्यंत वाचलेच नव्हते. अदृश्य झालात तरी आवाज होतो, लपायला फासा टाकावाच लागतो. चार्म पर्सनने पहारेकरी मित्र होतो, पण तासाभराने त्याला कळतं की आपल्याला गंडवलं, मग त्याच रस्त्याने परत येऊन दाखवा. (गायडन्सचं मात्र काही झालेलं नाही, आमची क्लेरिक, म्हणजे खेळातली धर्मगुरू, दर वाक्याला ‘गायडन्स!’ ओरडते आणि समोरच्याला एक चार बाजूंचा फासा जादा मिळतो. यावर आम्ही हात टेकलेत.)

आज गोदामाचं दार आहे. मागे समुद्र, पहाटेच्या भरतीला गलबत सुटणार, त्यामुळे झोपायचा प्रश्नच नाही. विझार्ड आली एकदाची, घामाने भिजलेली, बसल्या बसल्या बिस्किटांचा पुडा ओढला. तिच्याकडे एकच स्लॉट शिल्लक. नॉक मारला तर ठक्क, आणि आत किती माणसं आहेत माहीत नाही. तिने चोराकडे पाहिलं. ‘तू बघ. मी तो स्लॉट पळायला ठेवते.’

पावलं वाजतायत. क्लेरिक ओरडली, ‘गायडन्स!’

त्याने फासा टाकला. तो उडाला, नकाशावरून घसरला आणि थेट कॉटखाली. पाचही जण आडवे, मोबाईलचे टॉर्च लावून. १९ पडले होते. पण चटईबाहेर गेलेला फासा धरायचा नाही हा नियम यानेच केलेला, रुसण्याच्या आधीच्या काळात.

परत टाकला. ४.

‘गायडन्स धर ना!’ विझार्ड म्हणाली. आता ती जास्त टेन्शनमध्ये. ४ आणि ७ म्हणजे ११, चार बाजूंच्या फाशावर ४ च पडायला हवेत.

चोराने तो छोटा फासा उचलला आणि तिच्या हातात दिला.

‘तू टाक.’