व्हायोला, बॅकस्ट्रोक आणि कॉलेजचं बिल

(ओहायोतल्या आमच्या मंडळाच्या शनिवारच्या सभेतलं भाषण, थोडं साफसूफ करून)

नमस्कार मंडळी. ओळख करून देताना मला 'कॉलेज प्रवेशातले तज्ज्ञ' म्हटलं गेलं. मी तज्ज्ञ नाही, ड्रायव्हर आहे. सात वर्षं पहाटे साडेचारला उठून मुलीला पूलवर सोडलं आणि संध्याकाळी व्हायोलाच्या क्लासला. तुमच्यातल्या निम्म्यांनी हीच नोकरी केली आहे, तीही बिनपगारी. आमच्या गाडीला अजून क्लोरीनचा वास येतो.

व्हायोला म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. गेल्या गणपतीत एका वहिनींनी मला विचारलं, "अजून व्हायोलिनच चालू आहे ना तिचं?" नाही. व्हायोला व्हायोलिनपेक्षा जरा मोठा, आवाज खालच्या पट्टीतला, आणि ऑर्केस्ट्रातले निम्मे विनोद त्याच्यावरच होतात. शाळेच्या ऑर्केस्ट्रात एकोणीस व्हायोलिनं होती आणि व्हायोला एकच, म्हणून बाईंनी हिला व्हायोला दिला. तेव्हा मला अगदी पहिल्या बाकावरून मागे पाठवल्यासारखं वाटलं होतं. बाईंना एक लांबलचक ईमेलही लिहिली होती. ती आज कोणी वाचून दाखवली तर मी खाली उतरून जाईन. हे वाद्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पत्रकावर विषय छापलाय, 'खेळणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलांसाठी परवडणारं छोटं कॉलेज: पाच पायऱ्या'. पायऱ्या सांगतो. पण त्याआधी 'फुल राइड'बद्दल, म्हणजे कॉलेजचा सगळा खर्च भागवणाऱ्या शिष्यवृत्तीबद्दल, बोलू द्या, नाहीतर मला जेवण जाणार नाही.

आपल्याकडे कुठल्याही वाढदिवसाला जा. कोणीतरी काका हातात समोसा घेऊन येतात. "पोहते ना? मग काय, फुल राइड!" मी पाच वर्षं यावर विश्वास ठेवला. हिशोब असा आहे. 2025 मध्ये नियम बदलले, त्याआधी डिव्हिजन वनमध्ये (कॉलेजच्या खेळांचे तीन गट, त्यातला हा सगळ्यात वरचा) मुलींच्या पोहण्याच्या संघाला जास्तीत जास्त 14 शिष्यवृत्त्यांएवढे पैसे देता यायचे. मुलांच्या संघाला 9.9. हो, नऊ पूर्णांक नऊ दशांश! तो नऊ दशांश मुलगा कुठला, ते विचारू नका. हे पैसे पंचवीस-तीस पोहणाऱ्यांत वाटायचे. बहुतेकांच्या वाट्याला शिष्यवृत्तीचा तुकडाच यायचा. आणि आमच्या मुलीचं शंभर यार्ड बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवरचं पोहणं, एक मिनिटाच्या जरा अलीकडे. आपल्या पिकनिकमध्ये ती ऑलिम्पिकची, डिव्हिजन वनच्या कोचला मात्र ती दिसतसुद्धा नाही.

तरी मी एका मोठ्या विद्यापीठाच्या कोचला लिहिलं. उत्तर आलं, दोन ओळींचं, एक फॉर्म भरायला सांगणारं. फॉर्म भरला. पुढे काही नाही. मग एका नावाजलेल्या कॉलेजला आम्ही साडेचार तास गाडी चालवत गेलो. वाटेत बायकोने केलेले दडपे पोहे खाल्ले. (पोहायला जाताना पोहे! हा विनोद आमच्या गाडीत सात वर्षं चालला. मुलीने शेवटची तीन वर्षं हसणं सोडलं होतं.) तिथले संगीताचे प्रमुख अतिशय सज्जन. वाद्य ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "ऑर्केस्ट्राचा सराव चार ते सहा." पोहण्याचा सराव? तोही चार ते सहा. "तिला एक काहीतरी निवडावं लागेल." सतरा वर्षांच्या मुलीला, दोन्ही हातांत दोन गोष्टी धरून उभी असताना, हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की मी थँक यू म्हणून बाहेर आलो. परतीच्या साडेचार तासांत गाडीत कोणी बोललं नाही. पोहे उरले होते, तेही कोणी खाल्ले नाहीत.

डोळे उघडले ते इथेच, आपल्या ओहायोत. गँबियरचं केनियन कॉलेज पाहिलंत? गाव एवढंसं, मुलं दोन हजारांच्या आतबाहेर. पण तिथल्या मुलांच्या जलतरण संघाने 1980 पासून 2010 पर्यंत सलग 31 वर्षं डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. आणि 2011 मध्ये ती मालिका कोणी तोडली? शेजारच्या ग्रॅनव्हिलच्या डेनिसनने, फक्त एका गुणाने! आपण इथे ओहायो स्टेट विद्यापीठाच्या बक्कीजची पोस्टरं लावून बसतो आणि तासाभरावर हे नाट्य घडतं, त्याचा आपल्याला पत्ता नाही.

आता माझा मुद्दा. मोठ्या विद्यापीठात चाळीस हजार मुलं, त्यातून एक संघ आणि एक ऑर्केस्ट्रा निवडायचा. दोन हजारांच्या कॉलेजातही वीस-पंचवीस संघ असतात. म्हणजे पाचशेच्या आसपास मुलं खेळाडूच लागतात. शिवाय ऑर्केस्ट्रा, बँड, कॉयर. एवढ्या खुर्च्या भरायच्या तर एकच मूल दोन खुर्च्यांवर बसायला हवं. तुमचं मूल कितवं आहे, हे विचारू नका. त्यांच्याकडे काय कमी आहे, ते विचारा. व्हायोला किंवा ओबो, बॅसून ही फुंकून वाजवायची वाद्यं बऱ्याच ठिकाणी कमी असतात. आपल्या वूस्टर कॉलेजचा बँड स्कॉटिश किल्ट घालून मैदानात उतरतो आणि बॅगपाइप वाजवणाऱ्यांना तिथे खास शिष्यवृत्ती आहे. बॅगपाइप! आपण सनई शिकवायला हवी होती.

यात गंमत अशी आहे की डिव्हिजन थ्रीमध्ये चारशेहून जास्त कॉलेजं आहेत आणि त्यांना खेळासाठी एक डॉलरही द्यायची परवानगी नाही. कोच प्रवेशाच्या वेळी शब्द टाकू शकतो, पैसे देऊ शकत नाही. संगीत विभाग मात्र देऊ शकतो. मिनेसोटाच्या सेंट ओलाफसारख्या ठिकाणी तर संगीत हा मुख्य विषय नसला तरी संगीताची शिष्यवृत्ती मिळते. म्हणजे दार उघडणार बॅकस्ट्रोक आणि...

काय? पाच मिनिटं? अहो, अजून पायऱ्या सुरूच झाल्या नाहीत. बरं, बरं. भराभर सांगतो.

एक. छापील किंमत पाहून घाबरू नका. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तुम्हाला प्रत्यक्षात किती पडेल त्याचा अंदाज देणारा. 2011 पासून तो कायद्याने सक्तीचा आहे. पण तो व्हायोला मोजत नाही, हे लक्षात ठेवा.

दोन. आपली लाडकी नावं, हार्वर्ड, येल, विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, गुणवत्तेसाठी पैसे देत नाहीत. देतात ते फक्त गरजेवर. उत्पन्न कमी असेल तर तीच सगळ्यात स्वस्त पडतील, जरूर अर्ज करा. पण घरात दोन आयटीचे पगार असतील तर त्यांच्या हिशोबाने आपण श्रीमंत. अशांनी डेनिसन, वूस्टर, विस्कॉन्सिनचं लॉरेन्स अशी गुणवत्तेवर पैसे देणारी कॉलेजं पाहावीत. लॉरेन्समध्ये स्वतःची कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीताची शाळा, आहे, पाच वर्षांत दोन पदव्या घेता येतात. कोण किती देतं, ते कॉलेजच्या 'कॉमन डेटा सेट' या आकडेवारीच्या पत्रकात एच विभागात सापडतं. विस्कॉन्सिनमधल्या मंडळींनी ओ क्लेअरसारखी सरकारी विद्यापीठंही पाहावीत, तीसुद्धा डिव्हिजन थ्रीच.

तीन. अकरावी संपली की जुलैत कोचला 'प्री-रीड' मागा. प्रवेश विभाग गुणपत्रिका आधीच पाहून अंदाज देतो. पैशांचाही अंदाज मिळेल का, तेही विचारा. ऑडिशन जानेवारी-फेब्रुवारीत असतात आणि फेब्रुवारीतच कँटनला शाळांची पोहण्याची राज्यस्पर्धा. तारखा आधी जुळवा. आम्ही जुळवल्या नाहीत. त्याची गोष्ट मोठी आहे, राहू दे.

चार. सरावाचं वेळापत्रक कोच आणि संगीत विभाग, दोघांकडूनही लेखी घ्या. आणि दोन्ही करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याशी तुमच्या मुलीला बोलू द्या. तुम्ही बोलू नका.

पाच, आणि ही खरी महत्त्वाची. कॉलेजची आर्थिक तब्येत बघा. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज 31 मे 2024 ला कायमचं बंद झालं. त्याच दिवशी त्यांचा बेसबॉल संघ आपल्या ईस्टलेकला राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता. त्या दिवशी ते हरले, दुसऱ्या दिवशी जिंकले, तिसऱ्या दिवशी अकरा-दहाने बाहेर पडले. दोन दिवस ती मुलं नसलेल्या कॉलेजच्या नावाने खेळली. एन्डाउमेंट, म्हणजे कॉलेजचा कायम निधी, किती, पटसंख्या घसरतेय का, हे विचारायला लाजू नका. आणि हो, प्रवेशाचं आणि पैशांचं पत्र आलं की आणखी पैशांसाठी एकदा विनंतीचं पत्र लिहा. दुसऱ्या कॉलेजचं पत्र सोबत जोडा. मिळतात पैसे.

मुलीने कॉलेजचं नाव सांगायला बंदी घातली आहे, पण हिशोब सांगायची परवानगी आहे. छापील किंमत वर्षाला 76 हजार डॉलर. गुणवत्तेचे 34 हजार गेले. व्हायोलाचे 8 हजार गेले. विनंतीच्या पत्राचे 2 हजार. उरले 32. पोहण्याचे शून्य.

तरी ती पहाटे साडेपाचला पाण्यात असते. पूल खोलीपासून चालत चार मिनिटांवर आहे, म्हणून मी झोपलेला असतो.