गुलाबाच्या काडीचा पहिला हिवाळा

उन्हाळ्यात लावलेल्या या काडीनं मुळं धरली, पानं फुटली, आणि आता पहाटे त्या पानांच्या कडेला दहिवराची, म्हणजे गोठलेल्या दवाची, पांढरी किनार दिसू लागली आहे. जिथं जमीन गोठते, तिथं गुलाबाच्या छाट कलमाची खरी कसोटी इथून पुढे.

थंडी रोप मारते, असं आपण धरून चालतो. पण बऱ्याचदा घात करतो तो चढउतार. दिवसा उन्हानं वरच्या मातीतला बर्फ वितळतो, रात्री ती पुन्हा गोठून फुगते. असं होता होता उथळ मुळांचं रोप वर उचललं जातं. बुंध्याजवळची ही फट पाहा. आतली बारीक पांढरी मुळं उघडी पडली आहेत. त्यात कोरडा वारा काडीतलं पाणी ओढत राहतो, आणि गोठलेल्या जमिनीतून ते भरून निघत नाही. भोवती बर्फ असूनही रोप तहानेनं मरतं.

म्हणून त्याला ऊब द्यायची नाही. थंडी एकसारखी राहील, एवढं बघायचं.

दहिवर पडण्याच्या 6 ते 8 आठवडे आधीच नत्राचं खत थांबवा, म्हणजे नवी कोवळी फूट येणार नाही. जमीन गोठण्याआधी पोटभर पाणी द्या. झाकायची घाई मात्र नको. काही रात्री चांगलं दहिवर पडू द्या, रोप निजू द्या. मग बुंध्याशी 20 ते 30 सेंटीमीटर भुसभुशीत माती चढवा, वर कोरडा पाला. लहान रोप जवळजवळ बुडालं तरी चालतं. माती दुसरीकडून आणा; तिथलीच ओढली तर मुळंच उघडी पडतील. वर बर्फ साचला तर झाडू नका, त्याच्याइतकं चांगलं पांघरूण नाही.

कुंडीतल्या रोपाला धोका जास्त, कारण गारवा चहूबाजूंनी शिरतो आणि मुळं खोडापेक्षा नाजूक असतात. कुंडी काठापर्यंत जमिनीत पुरा, नाहीतर न तापवलेल्या गॅरेजमध्ये 0 ते 5 अंश सेल्सिअसला ठेवा. पानं गळाल्यावर उजेड लागत नाही. माती अगदी सुकू लागली की घोटभर पाणी पुरे. उबदार खोलीत रोपाची झोपमोड होते, आणि कोरड्या हवेत लाल कोळी ही कीड चढते.

वसंतात माती थोडी थोडी काढा. काडी काळी पडली असेल, तर नखानं साल खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे. दिसलं नाही, तरी आशा सोडू नका. डोळा भरलेला, म्हणजे रानटी गुलाबाच्या खुंटावर कलम केलेला गुलाब असा जळला, तर खालून तो रानटी खुंटच फुटतो. हे रोप मात्र स्वतःच्या मुळांवर उभं आहे. जमिनीतून येणारा फुटवा त्याच जातीचा असेल. उन्हाळा लागेपर्यंत ते उपटू नका.