साइटवर कोण गेलं होतं?

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्यापैकी ज्यांनी घरासाठी कर्ज काढलंय, त्यांच्या घरी एक माणूस येऊन गेलेला आहे. बहुतेकांना तो आठवणारही नाही. पाठीला सॅक, हातात टेप नाहीतर लेझर मीटर. हॉल मापला, बाल्कनीत उभं राहून चारी दिशांना काय आहे ते लिहून घेतलं, मोबाइलवर पाच-सात फोटो काढले, चहाला नको म्हणाला आणि गेला. तो व्हॅल्युअर, म्हणजे मूल्यांकनकार. मी बावीस वर्षं नाशकात हेच काम करतोय, आणि आज घरातलं भांडण जरा अंगणात आणणार आहे. आम्ही लोक एकमेकांची फी पाडतो. ती कशी पाडतो आणि ती पडली की नेमकं काय पडतं, एवढंच सांगायचंय.

आमच्या फीचं एक जुनं कोष्टक आहे. संपत्ती कराच्या नियमांतलं. पहिल्या ५ लाखांवर अर्धा टक्का, पुढच्या १० लाखांवर एक पंचमांश टक्का, त्यापुढच्या ४० लाखांवर एक दशांश, आणि उरलेल्यावर एक विसांश टक्का. ६० लाखांच्या फ्लॅटला हिशोब लावला तर ८,७५० रुपये होतात. पण ही कमाल मर्यादा. याच्यावर जायचं नाही, खाली कितीही जा! संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, आणि खाली जाण्याची आमची हौस मात्र वाढतच गेली.

आता तुम्ही म्हणाल, फी कमी झाली तर गिऱ्हाइकाचं भलंच आहे की. भाजीच्या बाबतीत ते खरं आहे. इथे गंमत अशी की व्हॅल्युअर निवडते बँक, तिच्या पॅनेलमधून, म्हणजे तिच्या ठरलेल्या यादीतून. पैसे भरता तुम्ही, प्रोसेसिंगच्या खर्चात. आणि अहवाल बहुतेक वेळा तुमच्या हातात येतच नाही. ज्याने पैसे दिले त्याने माल पाहिलाच नाही, तर तो स्वस्त पडला की महाग, हे त्याला कळणार कसं?

दुसऱ्यांवर बोट दाखवायच्या आधी स्वतःचं सांगतो. सुरुवातीच्या काळात एका बँकेच्या पॅनेलवर शिरायचं म्हणून मी नऊशे रुपयांचा दर दिला होता. त्या वेळी बाकीचे अडीच हजार घेत होते. फायलींचा नुसता पाऊस पडला. नऊशेत घर चालवायचं तर दिवसाला सहा साइट करायला लागतात. केल्या.

त्यातली एक आडगाव शिवारातल्या मोकळ्या प्लॉटची. मूळ लेआउट चाळीस प्लॉटचा, पण हद्दीचे दगड कुणी केव्हाच उचलून नेलेले. एजंट आग्रा हायवेवर मोटरसायकल घेऊन उभाच होता. "या साहेब, हा बघा, रोड टच." कडेला द्राक्षबाग, समोर नऊ मीटरचा रस्ता, प्लॉटच्या कोपऱ्यावर छान कडुनिंब. चार फोटो काढले आणि पुढच्या साइटला पळालो. रात्री अहवाल लिहायला बसलो तर खरेदीखतातल्या चतुःसीमेत, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दीत, दक्षिणेला नाला. माझ्या एकाही फोटोत नाला नव्हता. पेन तिथे थांबलं होतं, हे मला आजही आठवतं. मग मी काय केलं? खतातली चतुःसीमा जशीच्या तशी उतरवली, दर मात्र रोड टचचा लावला, सही केली.

पंधरा दिवस ते डोक्यातून जाईना. एका रविवारी लेआउटचा नकाशा घेऊन गेलो आणि कोपऱ्यापासून पावलं टाकत प्लॉट मोजले. आमचा अठरा नंबर मागे होता, उतारावर, बाभळीच्या झुडपात, थेट नाल्याच्या काठाला. मला दाखवलेला प्लॉट वेगळ्याच माणसाचा निघाला. सोमवारी बँकेत जाऊन सांगितलं. कर्ज अजून वाटलं गेलं नव्हतं, म्हणून वाचलो. शाखेत व्हायची ती शोभा झाली, पॅनेलवरून नाव गेलं. घेणारा अंबडच्या एका कारखान्यात कामाला होता. दिलेला इसार परत मिळवायला त्याला आठ महिने लागले. तो मला एका शब्दाने बोलला नाही, ते जास्त लागलं.

सांगायचा मुद्दा असा की फी कमी झाली म्हणून अहवालाची पानं कमी होत नाहीत. उलट रंगीत फोटो वाढतात! जाते ती दुसरी चक्कर. मग मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा सरकारी मोजणी नकाशा, मागणं जातं. मग शेजाऱ्याशी, पानटपरीवाल्याशी दहा मिनिटं बोलणं जातं. गोदावरीच्या कडेच्या इमारतींचंच बघा. २००८ च्या पुरानंतर आपल्याकडे निळी आणि लाल पूररेषा हे शब्द सगळ्यांना माहीत झाले. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत पुन्हा बांधायचं म्हटलं तर अडचण, म्हणजे जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाचा भाव तिथे धरता येत नाही. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं हे टीव्हीवर दिसतं. तुमच्या जिन्यात कुठवर लागलं होतं, हे तळमजल्यावरच्या आजीच सांगतात, भिंतीवर हात ठेवून. त्या आजींसाठी नऊशे रुपयांत वेळ नसतो.

जुन्या नाशकातले वाडे तर विचारूच नका. आत कोण भाडेकरू आहे, कधीपासून, पागडी आहे का, हे न विचारता नुसत्या जागेला रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरपत्रकातला, दर लावला तर आकडा येतो, किंमत येत नाही.

५० कोटी आणि त्यावरच्या मालमत्तेला किमान दोन स्वतंत्र अहवाल घ्या, असं रिझर्व्ह बँकेने २००७ पासून सांगितलेलं आहे. तुमच्या-आमच्या ४० लाखांच्या फ्लॅटला बहुधा एकच. तो एक तरी नीट असावा, की नाही?

प्रत्येक स्वस्त व्हॅल्युअर वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. एकाच सोसायटीतले दहा फ्लॅट एका दिवसात असतील तर दर कमी करणं रास्तच आहे. मीही करतो.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून किमान दर का ठरवत नाही? ठरवले होते की! गंगापूर रोडला एका रविवारी मिसळीवर तीसेक जण जमलो. दोन हजारांच्या खाली कुणी जायचं नाही, टाळ्या झाल्या, एक्स्ट्रा पाव आले. संध्याकाळपर्यंत त्यातल्या एकाने बाराशेचं कोटेशन दिलेलं होतं. मागाहून एका वकील मित्राने कान उपटले की असं संगनमताने दर बांधणं २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये बसतं, उद्या अंगाशी येईल. त्याचंही बरोबरच आहे. ग्राहकाच्या नावाने चांगभलं करत आपलीच सोय लावायला कुणाला आवडत नाही?

तेव्हा तुम्ही एक करा. तुमच्या घरी तो माणूस येईल तेव्हा घड्याळ बघा. त्याने मंजूर नकाशा मागितला का, भोगवट्याचा दाखला मागितला का, खाली उतरून वॉचमनशी बोलला का? आणि बँकेकडे अहवालाची प्रत मागा. देतीलच असं नाही, पण मागणारे वाढले तर विचार करायला लागतील.

गेल्या आठवड्यात एका तरुण व्हॅल्युअरचा फोन आला. माझ्याकडेच शिकलेला मुलगा. "सर, एक फाइल आहे, आठशे म्हणतायत. घेऊ का?"

मी विचारलं, साइट कुठे?

"सिन्नरच्या पुढे."

म्हटलं, जाऊन येऊन पेट्रोल किती, अर्धा दिवस किती, मांड बरं हिशोब.

थोडा वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "सर, मग फोटो त्यांनाच पाठवायला सांगू का?"

मी त्याला म्हटलं, उद्या सकाळी साडेसातला द्वारका चौकात थांब. मी येतो बरोबर. टेप आण, आणि लेआउटचा नकाशा विसरू नकोस.